गरोदरपणात दारू: संशोधन काय सांगतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईला काय चालत नाही हे सांगायला आपल्याकडे घरात दहा माणसं असतात. पपई नको, अननस नको, ग्रहणात बाहेर पडू नको. दारूचा विषय मात्र निघतच नाही, कारण "आमच्यात बायका घेत नाहीत" हे आधीच ठरलेलं असतं. ज्या घरांत घेतात तिथेही तो निघत नाही, कारण लाज वाटते. मग प्रश्न मनातच राहतात, किंवा मैत्रिणीला दबक्या आवाजात विचारले जातात. त्यातले नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

दारूमुळे पोटातल्या बाळाला इजा होते, हे नक्की कधी कळलं?

संशय जुना आहे. १८९९ साली लिव्हरपूलच्या तुरुंगातले डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी दारूचं व्यसन असलेल्या १२० कैदी स्त्रियांची माहिती गोळा केली. त्यांच्या मुलांमध्ये मृत जन्माचं आणि बालमृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं. आधीची मुलं दगावलेल्या एका बाईला मात्र गरोदरपण तुरुंगात काढावं लागलं, तिथे दारू मिळाली नाही, आणि ते मूल वाचलं. एवढं हाती येऊनही पुढची सत्तर वर्षं वैद्यकशास्त्राने याकडे पाठच फिरवली. उलट १९६० आणि ७० च्या दशकांत अकाली कळा थांबवण्यासाठी गरोदर बायकांना शिरेतून अल्कोहोल दिलं जायचं. तो तेव्हा मान्यताप्राप्त उपचार होता.

१९६८ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लमोआन यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचं वर्णन छापलं. या मुलांचे चेहरे एकमेकांशी इतके जुळत होते की केवळ पाहून आईच्या पिण्याबद्दल अंदाज बांधता यावा. पण लेख फ्रेंचमध्ये, तोही एका प्रादेशिक नियतकालिकात. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

अमेरिकेतल्या सिएटलमध्ये क्रिस्टी उलेलँड नावाच्या शिकाऊ डॉक्टरला वजन न वाढणारी काही बाळं दिसत होती. त्यांच्या आयांचा इतिहास तपासताना दारूचा धागा तिच्या हाती लागला. तिच्यामुळे केनेथ लायन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ही मुलं तपासली, आणि १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आठ मुलांवरचा लेख आला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात या अवस्थेला नाव मिळालं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम, म्हणजे एफएएस. उलेलँडचं नाव क्वचितच घेतलं जातं, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

दारू बाळापर्यंत पोचते कशी? वार मध्ये असते ना?

वार दारूला अडवत नाही. अल्कोहोलचा रेणू लहान असतो, पाण्यात सहज मिसळतो, आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात दारूचं प्रमाण जवळपास आईइतकं होतं. आईचं यकृत ती दारू मोडतं. बाळाच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं फारच कमी असतात. त्यामुळे ती आईच्या रक्तात परत जाईपर्यंत बाळाच्या अंगात राहते. बाळ लघवीवाटे काही भाग गर्भजलात सोडतं आणि तेच गर्भजल पुन्हा गिळतं. आईची उतरली तरी बाळाची उतरायला वेळ लागतो, तो यामुळे.

नुकसान एकाच वाटेने होत नाही. पेशी मरतात, पेशींनी जागा धरण्याची आणि एकमेकींना चिकटण्याची प्रक्रिया बिघडते, वारेतला रक्तपुरवठा घटतो. मेंदू नऊ महिने घडत असतो, म्हणून 'आता धोका टळला' असा महिना नाही. चेहऱ्याच्या खुणा मात्र अगदी सुरुवातीच्या दिवसांत ठरतात. कॅथलीन सुलिक यांनी १९८१ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. माणसाच्या हिशेबाने गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा, दारूचा मारा झाला तर नेमका तोच चेहरा तयार होतो.

एफएएस आणि एफएएसडी वेगळे आहेत का?

एफएएस हे सगळ्यात ठळक रूप. डोळ्यांची फट आखूड, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, वाढ खुंटलेली आणि मेंदूच्या कामात दोष. हे तपासायला डॉक्टर मुलाच्या डोळ्याची फट मिलिमीटरमध्ये मोजतात. ओठ आणि पन्हळ यांच्यासाठी पाच छायाचित्रांची एक पट्टी असते, ती मुलाच्या चेहऱ्याशेजारी धरून कोणत्या चित्राशी जुळतं ते पाहतात. मुलाने त्या वेळी हसायचं नाही, कारण हसलं की ओठ ताणला जाऊन पातळ दिसतो.

एफएएसडी, म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, ही मोठी छत्री. तिच्याखाली चेहरा अगदी इतरांसारखाच असलेली, पण मेंदूला इजा झालेली मुलंही येतात, आणि संख्येने तीच जास्त. या मुलांचे हाल अधिक होतात असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांच्याकडे बघून काही कळत नाही. आज सातचा पाढा घडाघडा म्हणतो, उद्या त्यातलं एक अक्षर आठवत नाही. तीन सूचना एकदम दिल्या तर पहिली करतो आणि उभा राहतो. काल ज्यासाठी शिक्षा झाली तेच आज पुन्हा करतो. वर्गात त्याला आळशी म्हणतात, उद्धट म्हणतात, घरी मार बसतो. हा मेंदूतला दोष असू शकतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

थोडीशी घेतली तर काय होतं? एखादा ग्लास वाइन?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर जरा लांबवावं लागतं.

भरपूर पिणं, आणि विशेषतः एका बैठकीत भरपूर पिणं, घातक आहे. यावर वाद नाही. वाद आहे तो थोड्या प्रमाणाबद्दल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात सुमारे १,६०० आया आणि मुलं होती. आठवड्याला १ ते ८ ड्रिंक घेणाऱ्या आयांच्या पाच वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यंकात किंवा लक्ष देण्याच्या क्षमतेत म्हणावा असा फरक आढळला नाही. वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले. पण पाच वर्षांच्या मुलात जे दिसत नाही ते दहाव्या वर्षी गणितात किंवा वागण्यात दिसू शकतं. शिवाय अशा देशांत मोजूनमापून पिणाऱ्या बायका बऱ्याचदा शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या असतात, आणि त्या सुस्थितीचा फायदा मुलाला मिळून दारूचा तोटा झाकला जातो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ९ ते १० वर्षांच्या जवळपास दहा हजार मुलांच्या माहितीवरून ब्रियाना लीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कमी प्रमाणात दारूशी संबंध आलेल्या मुलांतही मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकाच आईच्या पोटात, तीच दारू, तेच नऊ महिने, आणि तरी भिन्न जुळ्यांपैकी एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एकसारख्या जुळ्यांत मात्र दोघांनाही सारखीच इजा दिसते. म्हणजे जनुकांचा वाटा आहे, आणि आपलं बाळ कोणत्या गटातलं हे आधी कळायला मार्ग नाही. म्हणून कुठलीही सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी आठवड्यातून एकदोनदा एक-दोन युनिटपर्यंतची सवलत असायची, २०१६ मध्ये तीही काढून टाकली. पुरावा अपुरा असताना बाळाच्या बाजूने झुकायचं, हे धोरण मला पटतं. पण 'सुरक्षित मर्यादा माहीत नाही' याचा अर्थ 'एका घोटाने बाळ बिघडतं' असा नाही, आणि तो तसा सांगणं क्रूरपणाचं आहे.

मला दिवस गेलेत हे माहीतच नव्हतं, तेव्हा एका लग्नात प्यायले. आता काय?

आज थांबा आणि डॉक्टरांना सांगा. एवढंच करायचं आहे. एखाद्या वेळेच्या पिण्यानंतर जन्मलेली बहुसंख्य मुलं निरोगी असतात. मेंदू पुढेही महिनोन्महिने घडणार आहे, त्यामुळे थांबण्याचा फायदा कोणत्याही महिन्यात मिळतो. केवळ या भीतीने गर्भपाताचा निर्णय घेऊ नका, आणि अपराधी वाटून डॉक्टरांपासून लपवूही नका.

बिअर हलकी, वाइन फळांची, मोहाची तर घरची. यांनीही इजा होते?

इजा करतं ते इथेनॉल, आणि ते सगळ्यांत तेच असतं. भारतात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल धरतात. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम असतं, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. म्हणजे 'फक्त एक बिअर' स्ट्राँग असेल तर ती दोन मोठ्या पेगइतकी. हातभट्टी आणि मोहाच्या दारूचं प्रमाण भट्टीगणिक बदलतं, त्यामुळे हिशेबच करता येत नाही.

दशमूलारिष्ट, खोकल्याचं औषध, नाताळचा केक?

आसवं आणि अरिष्टं आंबवून बनतात, त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होतं. साधारण ५ ते १२ टक्के. मात्रा चमच्यांची असल्याने ते पिण्याच्या दारूइतकं होत नाही, पण गरोदरपणात कुठलंही आसव-अरिष्ट स्वतःच्या मनाने घेऊ नये. वैद्यांना दिवस गेल्याचं सांगावं, काढा किंवा गोळी असा पर्याय बहुधा निघतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचावं. रम घातलेल्या केकमधलं अल्कोहोल भाजताना सगळं उडत नाही. अर्धा तास भाजल्यावर अंदाजे एक तृतीयांश उरतं, आणि भाजून झाल्यावर वरून रम शिंपडली असेल तर ती जवळपास तशीच राहते. एखाद्या तुकड्याने घाबरून जाऊ नका. सर्दीवर ब्रँडी हा मात्र उपचार नाही, तो सोडावा.

जगात किती मुलांना हे होतं?

स्वेतलाना पोपोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या ९.८ टक्के स्त्रिया गरोदरपणात काही ना काही दारू घेतात, आणि दरवर्षी सुमारे १,१९,००० मुलं एफएएससह जन्मतात. संपूर्ण एफएएसडीचा त्याच गटाचा अंदाज वर्षाला ६,३०,००० मुलांचा. गरोदरपणात दारू घेणाऱ्या १३ स्त्रियांपैकी एकीच्या मुलाला एफएएसडी, असं ते प्रमाण पडतं.

पण सरासरीतून खरी गोष्ट कळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये द्राक्षांचे मोठे मळे आहेत. तिथे शेकडो वर्षं मजुरीचा एक भाग हलक्या प्रतीच्या वाइनच्या रूपात द्यायची पद्धत होती. तिला 'डॉप' म्हणत. दिवसातून अनेकदा, कामाच्या मध्ये, मापाने वाइन. पुरुषांना आणि बायकांनाही. मालकाला स्वस्तात मजूर बांधून ठेवता यायचे. कायद्याने ही पद्धत बंद झाली तरी मळ्यांवर ती रेंगाळली, आणि संपल्यावरही शनिवार-रविवारी भरपूर पिण्याची सवय मागे राहिली. १९९७ मध्ये फिलिप मे, डेनिस व्हिल्जोएन आणि सहकाऱ्यांनी त्या भागातल्या पहिलीच्या मुलांची शाळेत जाऊन तपासणी केली. हजारी ४० ते ४६ मुलांना एफएएस निघालं. पुढच्या अभ्यासात संपूर्ण एफएएसडीचं प्रमाण हजारी १३५ ते २०८ आलं. या मुलांच्या आया कुपोषित, कमी वजनाच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या होत्या, आणि हे घटक दारूचा परिणाम वाढवतात. अशा ठिकाणी 'आईने मनावर घ्यायला हवं होतं' एवढं बोलून थांबणाऱ्याने मळ्याच्या मालकाचा हिशेब सोडून दिलेला असतो.

ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगची हकीकत वेगळी. तिथल्या आदिवासी समाजातल्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर यांच्यासारख्या स्त्रियांनी २००७ मध्ये बाहेर नेण्यासाठीच्या, हलक्या बिअरपेक्षा कडक अशा सगळ्या दारूच्या विक्रीवर निर्बंध आणवले. मग 'आमच्या मुलांना नेमकं काय झालंय' हे शोधायला संशोधकांना त्यांनीच बोलावलं. २००२-०३ मध्ये जन्मलेल्या मुलांची तपासणी झाली आणि जवळपास दर पाचातल्या एका मुलाला एफएएसडी निघालं. इतका कटू निष्कर्ष त्या समाजाने जगापुढे येऊ दिला, कारण प्रश्न त्यांनीच विचारला होता. आपल्याकडच्या दारूबंदीच्या आंदोलनांत वर्षानुवर्षं उतरलेल्या बायकांना ही हकीकत परकी वाटणार नाही.

भारतात हा प्रश्न आहे का?

आहे, पण सगळीकडे सारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या १.३ टक्के स्त्रियांनी दारू घेत असल्याचं सांगितलं. अरुणाचल प्रदेशात हे प्रमाण २४.२ टक्के आहे. घरी येऊन विचारलेल्या प्रश्नाला आलेली ही उत्तरं आहेत, हे आकडा वाचताना लक्षात ठेवावं. काही आदिवासी पट्ट्यांत मोहाची दारू सणाला आणि पाहुणचाराला असते, बायकाही घेतात. शहरांत पार्टीतलं पिणं वाढतं आहे, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी मुलींच्या आजूबाजूला तर ते रोजचंच आहे.

याच्या बरोबरीने मिश्रीचा उल्लेख करायलाच हवा. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईत केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणात मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. महाराष्ट्रात गरोदर बाईच्या बाबतीत हा धोका दारूपेक्षा कितीतरी जास्त घरांत आहे, आणि तोही कुणी विचारत नाही.

बाप पीत असेल तर बाळाला काही होतं का?

उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत नराला दारू दिली तरी पिल्लांच्या चेहऱ्यात आणि वाढीत फरक दिसले आहेत. माणसांबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही, आणि एफएएसच्या निदानात आईचंच पिणं धरलं जातं. पण दुसरी एक गोष्ट देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा येते. नवरा पिणारा असेल तर गरोदर बायको पिण्याची शक्यता वाढते. शिवाय मारहाण, पैशाची ओढाताण, जेवणाची आबाळ हे सगळं त्याच दारूतून येतं. नऊ महिने घरात बाटली आणायचीच नाही, एवढं नवऱ्याला नक्की करता येतं.

आशाताई किंवा नर्सने हे विचारायचं तरी कसं?

"तुम्ही दारू पिता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येणार, सासू शेजारी बसलेली असेल तर नक्कीच. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट सोकोल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये चार प्रश्नांची एक छोटी यादी बनवली. तिचा पहिला प्रश्न असा आहे: "किती घेतल्यावर तुम्हाला चढल्यासारखं वाटतं?" यात आरोप नाही. दोनपेक्षा जास्त असं उत्तर आलं, की शरीराला सवय झाली आहे हे कळतं. पुढचे प्रश्न असे: कुणी टोकल्यामुळे राग आला का, कमी करावीशी वाटली का, सकाळी उठल्या उठल्या कधी लागली का. बाईला एकटीला गाठून विचारावं, आणि दिवस जाण्याच्या आधीच्या सवयीबद्दल आधी विचारावं. त्याचं उत्तर बायका मोकळेपणाने देतात.

गरोदरपणात पिणाऱ्या बाईला शिक्षा करणारा कायदा हवा का?

नको. अमेरिकेत काही राज्यांनी गरोदरपणातलं पिणं हा मुलावरचा अत्याचार मानला. मीनाक्षी सुब्बरामन, सारा रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ ते २०१३ या काळातल्या जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा अशा बहुतेक धोरणांबरोबर कमी वजनाची आणि अकाली जन्मलेली बाळं वाढलेली दिसली. पकडलं जाण्याच्या भीतीने बाई दवाखान्यातच येत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बाटलीवर इशारा छापून उपयोग होतो का?

अमेरिकेत १९८९ पासून, फ्रान्समध्ये २००७ पासून गरोदर स्त्रियांसाठीचा इशारा बाटलीवर असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो २०२३ पासून सक्तीचा आहे. डेट्रॉइटमधल्या अभ्यासांत दिसलं की आधीच कमी घेणाऱ्या बायकांनी किंचित कमी केली, जास्त घेणाऱ्यांवर परिणाम झाला नाही. भारतातल्या बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' आणि 'पिऊन गाडी चालवू नका' एवढंच सक्तीचं आहे. बाळाचा उल्लेख असायलाच हवा. खर्च काहीच नाही.

रोज पिणाऱ्या गरोदर बाईने लगेच पूर्ण सोडावी का?

घरच्या घरी एकदम सोडू नये. रोज भरपूर घेणाऱ्या व्यक्तीची दारू अचानक बंद झाली की थरथर, घाम, भ्रम, प्रसंगी झटके येतात, आणि ते आई-बाळ दोघांनाही धोक्याचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा बाईची दारू रुग्णालयात, देखरेखीखाली आणि गरज पडल्यास थोड्या काळाच्या औषधांनी सोडवावी. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात आणि स्त्रीरोग विभागात दोन्हीकडे दाखवावं. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन मोफत आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी घेणाऱ्या बाईने मात्र आजच सोडावी, तिला हा धोका नाही.

झालेली इजा बरी होते का?

नाही. पण मुलाचं आयुष्य बदलू शकतं. ॲन स्ट्रायसगुथ यांनी सिएटलमध्ये दारूची इजा झालेल्या ४१५ जणांचा अभ्यास करून १९९६ मध्ये अहवाल दिला. मोठेपणी शाळा सुटणं, पोलिसांचा ससेमिरा, मानसिक आजार यांचं प्रमाण त्यांच्यात फार होतं. ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं, ज्यांना स्थिर, मारहाण नसलेलं घर मिळालं, त्यांच्यात ते बरंच कमी होतं. औषधांच्या बाजूने कोलीन या पोषक घटकावर छोटे प्रयोग झाले आहेत. केपटाऊनमध्ये जास्त पिणाऱ्या ६९ गरोदर स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात बाळांची वाढ थोडी बरी झाली. त्यावरून दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नयेत.

महाराष्ट्रात मुलाच्या विकासाबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अंगणवाडीत किंवा शाळेत सांगावं. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एफएएसडी नावाने नाही, पण बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता आहेत, त्याखाली प्रमाणपत्र निघू शकतं. घरी आणि वर्गात एका वेळी एकच सूचना द्यावी, रोजचा क्रम तोच ठेवावा, पाढा आज आला तरी उद्या पुन्हा घ्यावा, आणि विसरल्याबद्दल मारू नये.

अंगावर पाजताना चालते का?

आईच्या रक्तात जेवढी दारू तेवढीच जवळपास दुधात येते, आणि रक्तातून उतरली की दुधातूनही उतरते. दूध पिळून टाकल्याने ती लवकर जात नाही. न घेणंच उत्तम. एखादं ड्रिंक घेतलंच, तर प्रत्येक ड्रिंकमागे किमान दोन तास थांबून पाजावं, आणि प्यायलेल्या कुणीही बाळाला कुशीत घेऊन झोपू नये.